हाक मारली की उलटा पळणारा कुत्रा

पत्राचा सारांश: आमचा कुत्रा आठ महिन्यांचा आहे. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत नावानं हाक मारली की धावत यायचा. आता मैदानात मोकळं सोडलं की हाक ऐकून मान वळवतो आणि उलट्या दिशेनं धूम ठोकतो. घरात ‘बस’ म्हटलं तर बसतो, पण हातात खाऊ दिसला तरच. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, फिरायला नेलं की ओढत नेतो. परवा पाऊण तास हुलकावण्या देऊन शेवटी हाती लागला, तेव्हा नवऱ्यानं त्याला दोन फटके दिले. कान पाडून, अंग चोरून बसला, म्हणजे चूक त्याला कळली होती. नवरा म्हणतो, लाडानं डोक्यावर चढलाय, घरात मालक कोण हे दाखवायला हवं. एक ट्रेनर महिनाभर कुत्रा स्वतःकडे ठेवून ‘सरळ’ करून देतो, त्याच्याकडे पाठवायचा त्याचा विचार आहे. मला ते नको वाटतं, पण माझ्या पद्धतीनंही जमत नाहीये. खाऊ देऊन मीच त्याला बिघडवलं का? आता उशीर झाला का?

उत्तर:

उशीर झालेला नाही आणि खाऊ देऊन तुम्ही त्याला बिघडवलेलंही नाही. खाऊ कधी आणि कुठून द्यायचा, तेवढं चुकतंय, आणि ते लवकर दुरुस्त होतं. हाकेचा प्रश्न जास्त चिवट आहे, म्हणून या उत्तरातली बरीचशी जागा त्यालाच दिली आहे.

आधी परवाचा प्रसंग कुत्र्याच्या बाजूनं बघा. मैदानात वास घेत, पळत त्याची मजा चालली होती. तेवढ्यात हाक आली. मैदानातल्या हाकेनंतर आजवर काय होत आलंय? लीश अडकवली जाते, घरी जावं लागतं, मजा संपते. हे रोज घडत असेल, तर त्या हाकेचा अर्थ त्यानं अगदी बरोबर ओळखलाय. मग अखेर तो हाताशी आला आणि मार बसला. नवऱ्याच्या मनात ती शिक्षा पाऊण तास पळवल्याची होती. कुत्रा मात्र कृती आणि तिचा परिणाम यांची सांगड एक-दोन सेकंदांच्या आतच घालतो. त्याची फटक्यांच्या लगेच आधीची कृती होती जवळ येणं. उद्या तो आणखी दोन हात लांब राहील, आणि त्यात त्याचा हट्ट नसेल.

‘पण कान पाडून बसला होता ना,’ असं तुम्ही म्हणाल. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली नेमकं हेच तपासलं. मनाई केलेला खाऊ समोर ठेवून मालकाला खोलीबाहेर पाठवलं आणि परत आल्यावर कुत्र्यानं तो खाल्ला की नाही, हे कधी खरं तर कधी खोटं सांगितलं. ‘अपराधी’ चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा, मग कुत्र्यानं खाऊ खाल्लेला असो वा नसो. न खाता ओरडा मिळालेल्या कुत्र्यांमध्ये तो उलट जास्तच दिसला. कान पाडणं, अंग चोरणं, नजर टाळणं ही समोरच्या रागाला शांत करण्याची धडपड असते. त्यातून त्याला राग कळला एवढंच समजतं.

मालक कोण हे दाखवण्याची कल्पना लांडग्यांवरून आली आहे. प्राणीवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांमधली चढाओढ टिपली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकातून कळपाच्या ‘अल्फा’ची, म्हणजे सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना सगळीकडे पसरली. त्याच मेक यांनी १९९९ साली लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथं सत्तेसाठी झुंजून वर चढलेला अल्फा नसतो. हे नवऱ्याला जरूर वाचून दाखवा. सोफ्यावर चढणारा किंवा तुमच्याआधी दारातून बाहेर पडणारा कुत्रा तुमच्यावर राज्य करायला निघालेला नसतो. सोफा मऊ असतो आणि दाराबाहेर वास असतात.

राहिला दोन महिन्यांत झालेला बदल. त्याचं वय बघा. साधारण सहाव्या महिन्यापासून कुत्रा वयात यायला लागतो, लांबचे वास आणि दुसरी कुत्री त्याला घरच्यांपेक्षा जास्त खुणावतात. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये छापलेल्या अभ्यासात पाच आणि आठ महिन्यांच्या वयात कुत्र्यांना ‘बस’ सांगून पाहिलं. आठव्या महिन्यात ती सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकत होती, अनोळखी माणसाचं ऐकणं मात्र कमी झालं नव्हतं. हा टप्पा ओसरतो. पण या काळात हाक मारायची आणि त्यानं ती धुडकावायची असं रोज होऊ दिलं, तर टप्पा ओसरल्यावरही सवय उरते.

म्हणून पहिली गोष्ट: मैदानात मोकळं सोडणं आजपासून बंद. काही आठवडे तो लांब दोरीवरच फिरेल.

दुसरी गोष्ट, येण्यासाठी नवा इशारा ठरवा. जुनी हाक, म्हणजे त्याचं नाव, दिवसभर सगळ्यांच्या तोंडी असतं. कौतुकात, रागात, ‘हे काय केलंस’ म्हणताना. ‘ये’ किंवा ‘इकडे’ हेही नको, ते आपल्या बोलण्यात सारखे येतात. घरात एरवी न उच्चारला जाणारा दोन अक्षरी शब्द घ्या किंवा शिट्टी घ्या. माझं मत शिट्टीच्या बाजूनं आहे. घरातल्या कुणीही वाजवली तरी ती तशीच वाजते आणि वैतागलेल्या माणसाचा सूर तिच्यात सहज उतरत नाही.

पहिले दोन-तीन दिवस कुत्र्याकडून काहीच मागायचं नाही. तो घरात तुमच्याजवळ उभा असताना शिट्टी वाजवा आणि लगेच खाऊ द्या. एका वेळी दहा वेळा, दिवसातून दोनदा. हा खाऊ रोजचा कोरडा नको. उकडलेल्या, बिनमिठाच्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे चालतील, कुत्रा लहान जातीचा असेल तर त्याच्याही निम्मे. हे तुकडे या इशाऱ्याखेरीज कशासाठीही द्यायचे नाहीत.

इथं एक बारकावा आहे आणि बहुतेकांचं सगळं काम तिथंच वाया जातं. शिट्टी वाजेपर्यंत हात खिशाकडे किंवा पिशवीकडे जाता कामा नये. आधी आवाज, मग साधारण अर्ध्या सेकंदानं हात. हात आधी हलला तर कुत्र्याला खाऊची वर्दी हातच देतो आणि आवाज त्याच्या लेखी निरुपयोगी ठरतो. घरातल्या कुणाला तरी तुमचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि फक्त हाताकडे बघा. कुत्र्याची मान आवाजावर वळते की तुमच्या कोपराच्या हालचालीवर, हे लगेच दिसेल.

शिट्टी ऐकताच तो तुमच्याकडे झटकन वळू लागला की दुसऱ्या खोलीतून बोलवा. मग दोघांनी दोन खोल्यांत उभं राहून आळीपाळीनं बोलवा. हे काम नवऱ्याकडे द्याच. परवाच्या फटक्यांनंतर त्याच्या हाताशी येणं पुन्हा सुखाचं व्हायला हवं आणि ते तुम्ही त्याच्या वतीनं करू शकत नाही. त्यानंतर जिना, इमारतीचं आवार, मग शांत वेळचं मैदान.

बाहेर जाताना आठ ते दहा मीटरची हलकी, चपट्या पट्टीची दोरी लागते. ती गळ्यातल्या पट्ट्याला लावू नका, हार्नेसच्या, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीत अडकवा. कुत्रा वेगानं पळत दोरीच्या टोकाला पोहोचला तर गळ्याला जबर हिसका बसतो. दोरीच्या तुमच्याकडच्या टोकाला फास किंवा गाठ नको, ती झुडपात अडकते. हाताला वेढे कधीच घेऊ नका, हातमोजे घाला. ओढेल तशी लांबणारी, डबीत गुंडाळली जाणारी लीश या कामाला उपयोगाची नाही. ती सतत थोडी ताणलेली असते, त्यामुळे ओढलं की पुढं जाता येतं हेच तो शिकतो.

शिट्टी एकदाच वाजवा. दोन-तीन सेकंदांत तो वळला नाही तर पुन्हा वाजवू नका. पाच वेळा वाजवली तर पहिल्या चार ऐकायच्या नसतात हेही त्याला कळतं. टाळी वाजवा, त्याच्याकडे पाठ करून उलटं पळा, खाली बसा. पुढं झुकून हात पसरणं आणि त्याच्या मागं धावणं टाळा. झुकलेल्या माणसापासून बरीच कुत्री दबकतात आणि मागं धावलं की त्यांचा पकडापकडीचा खेळ सुरू होतो. एवढं करूनही आला नाही तर दोरी हळूहळू आवरत तुम्हीच त्याच्यापर्यंत जा, रागावू नका, आणि पुढच्या वेळी जवळून बोलवा. दहापैकी आठदा लगेच येत असेल तरच अंतर वाढवायचं. सलग दोनदा चुकला तर एक पायरी खाली यायचं. अंतर आणि आजूबाजूची गडबड एकाच दिवशी वाढवू नका. दुसरं कुत्रं दिसत असेल तर दहा मीटरऐवजी दोन मीटरवरून बोलवा.

आल्यावर काय करता ते बोलावण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आधी दोन बोटं गळ्यातल्या पट्ट्यात घाला, मग खाऊ द्या. क्रम हाच. नाहीतर खाऊ पळवून हात टाळायची कला तो आठवड्यात शिकतो. एक मोठा तुकडा देण्यापेक्षा चार-पाच छोटे एकामागून एक, तुमच्या पायांजवळ द्या. मग ‘जा’ म्हणून परत खेळायला सोडा. पाचपैकी चार वेळा तरी असं सोडलंच पाहिजे. येण्यानं मजा संपत नाही, उलट खाऊ मिळून पुन्हा मजा सुरू होते, हे त्याला शेकडो वेळा अनुभवू द्या. घरी निघायचं असेल तेव्हाही आल्याआल्या निघू नका, दोन मिनिटं त्याच्याबरोबर वास घेत हिंडा आणि मग वळा. आंघोळ, नखं कापणं, कानात औषध घालणं यासाठी शिट्टी वाजवायची नाही. तिथं आपण उठून त्याच्यापाशी जायचं.

आता ‘बस’बद्दल. खाऊ दिसला तरच बसतो, कारण त्याच्यासाठी हातातला खाऊ हाच ‘बस’चा इशारा झाला आहे. खाऊ दाखवून शिकवलं की सुरुवातीला असं होतंच, पण तो दाखवणं वेळेवर थांबवावं लागतं. चिमटीत तुकडा धरून नाकाजवळून डोक्यावरून किंचित मागं न्या. नाक वर गेलं की बूड खाली येतं. हात फार वर नेला तर तो उडी मारेल, फार मागं नेला तर मागं सरकेल. सरकत असेल तर भिंतीला पाठ करून उभा करा. बूड टेकताक्षणी एक ठरलेला छोटा शब्द, समजा ‘हां’, आणि लगेच खाऊ. तीन-चार वेळाच असं करा. त्यापुढं हात रिकामा, हालचाल तीच, आणि खाऊ दुसऱ्या हातातून किंवा मागं टेबलावर ठेवलेल्या वाटीतून. ही अदलाबदल केलीत की तुमची निम्मी तक्रार संपते. हातात काही नसतानाही खाऊ मिळू शकतो, हे त्याला कळतं.

‘बस’ हा शब्द शेवटी जोडायचा. आधी शब्द, सेकंदभर थांबा, मग हाताची खूण. शब्द आणि खूण एकत्र केली तर त्याची नजर खुणेवर राहते आणि शब्द कानावरून जातो. घरात सगळे कोणते शब्द वापरतात तेही तपासा. सोफ्यावरून उतरायला ‘खाली’, आडवं व्हायला ‘खाली’, अंगावर उडी मारली तरी ‘खाली’, आणि वर कुणीतरी ‘खाली बस’ म्हणतं. उतरण्यासाठी ‘उतर’, आडवं होण्यासाठी ‘झोप’, बसण्यासाठी फक्त ‘बस’, असं ठरवून कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, एवढा सराव पुरे. स्वयंपाकघरात येतं ते दारात येईलच असं धरू नका. कुत्र्याला जागा बदलली की धडा बराचसा नव्यानं शिकवावा लागतो, म्हणून प्रत्येक नव्या जागी पहिल्या पायरीपासून भरभर वर या. रोजच्या जेवणातलं तिसरा हिस्सा अन्न भांड्यात न घालता घरातल्या सरावासाठी बाजूला काढा. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपुढं जाऊ नये. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही कुत्र्यासाठी विषारी असतं, तेव्हा घरातलं हाताला लागेल ते देऊ नका. सवय पक्की होत गेली की खाऊ एकदम तोडू नका, कधी द्या कधी नको असं करा आणि मधल्या जागी त्याला हवं असलेलं दुसरं काही द्या: बसलास की दार उघडेल, बसलास की चेंडू फेकेन. शिट्टीवर येण्याला मात्र मी खाऊ कधीच बंद करणार नाही. रस्त्याकडे पळत सुटलेला कुत्रा तेवढ्यानं वाचू शकतो.

ओढाओढीचं कारण साधं आहे, ओढलं की तो हव्या त्या झाडापाशी पोहोचतो. लीश ताणली की थांबा, सैल झाली की चाला, आणि तुमच्या गुडघ्याशेजारी चालत असताना तिथंच, मांडीच्या शिवणीपाशी, तुकडा द्या. पहिले काही दिवस हे घरात नाहीतर दारापुढंच करा. घाईच्या वेळी, जेव्हा थांबणं जमणार नाही, तेव्हा छातीवर कडी असलेला हार्नेस घाला आणि सरावाच्या वेळी दुसरा, म्हणजे नियम आपोआप वेगळे राहतात. आवळणारी साखळी किंवा आत टोकं असलेला पट्टा नको.

उड्यांसाठी पाहुण्यांनाच तयार करावं लागतं. हातानं ढकलणं, ‘अरे नको नको’ म्हणणं हे सगळं कुत्र्याला लक्ष दिल्यासारखंच वाटतं. तो लीशवर असताना पाहुणा आत येऊ दे, आणि उडी मारण्याआधीच चार तुकडे जमिनीवर टाका. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच पाहुण्यानं त्याच्याकडे बघायचं. एकानं जरी कौतुकानं उडी झेलली तरी सवय सुटायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

ट्रेनरकडे महिनाभर ठेवण्याच्या मी विरोधात आहे. तिथं कुत्रा त्या माणसाचं, त्या जागी ऐकायला शिकतो. मैदानात हाक मारणार तुम्ही आहात आणि तुमचा हात अजूनही शिट्टीआधी खिशाकडे जात असेल, तर सगळं आठवडाभरात पूर्वपदावर येईल. शिवाय तुमच्या नजरेआड त्याच्याशी कसं वागलं जातं ते तुम्हाला कळणार नाही. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हिसके-ओरडा वापरणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये खाऊ-कौतुकावर शिकवणाऱ्या वर्गांपेक्षा ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलं होतं. मदत हवी असेल तर तुम्हा दोघांना बरोबर घेऊन शिकवणारा ट्रेनर शोधा आणि दोनच प्रश्न विचारा: कुत्र्यानं बरोबर केलं तर तुम्ही काय करता, आणि चुकलं तर काय करता? दुसऱ्या उत्तरात हिसका, दाबून धरणं किंवा विजेचा पट्टा आला तर निघून या.

हे सगळं सुरू करण्याआधी पशुवैद्याला एकदा दाखवा. आधी पटकन बसणारा कुत्रा आता अर्धवट वाकून थांबत असेल, किंवा बसताना मागचा एक पाय बाजूला टाकत असेल, तर कंबर किंवा गुडघा दुखत असू शकतो. कानाला संसर्ग असेल तर आवाजही नीट पोहोचत नाही. आणि फटके बसल्यापासून तो कधी गुरगुरला असेल, तर गुरगुरण्यावर रागावू नका. ती त्याची आगाऊ सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावू शकतो. अशा वेळी घरच्या घरी प्रयोग न करता कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याकडे जा.

लांब दोरी कधी काढायची? गडबडीच्या मैदानातही सलग दोन-तीन आठवडे पहिल्या शिट्टीला येत असेल, तेव्हा आधी ती हातातून सोडा आणि जमिनीवरून घसटू द्या. मग दर काही दिवसांनी मीटरभर कापत जा, म्हणजे तिचं वजन नाहीसं झाल्याचं त्याला एकदम जाणवणार नाही. पूर्ण मोकळं सोडायचं ते कुंपण असलेल्या जागीच, आणि तिथंही पहिले काही दिवस दोरीचा हातभर तुकडा हार्नेसला लटकत राहू द्या.